अर्धी राहिलेली तिसरी फेरी

दादा, तुझ्या वहीत तिसरी फेरी अर्धीच राहिलीय. सहा संघांपुढं आकडे आहेत, सातव्याचं नुसतं नाव. पेन्सिल वहीतच आडवी पडलेली होती. तू चहाला म्हणून उठलास की छातीत कळ आली म्हणून उठलास, हे वहिनीला सांगता येत नाही. मी मशीनवर होते, तुझ्याकडं पाठ करून.

तेरावा होऊन पाच दिवस झाले. माणसं आली, बसली, तुझ्याबद्दल चांगलंच बोलली आणि गेली. मी आतल्या खोलीत होते. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. झोपून उठलं तरी अंग दमलेलंच असतं. वहिनी म्हणते, वन्सं, दोन घास तरी खा. खाते. पण तुला एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते राहिलंय म्हणून दमायला होतंय असं वाटतं. बोलून कधी जमलं नसतं. लिहिते. माझं अक्षर तू ओळखतोस.

अक्षरावरूनच तर सगळं सुरू झालं. आपल्या गावची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला तुला शेजारच्या गावाला पाठवलं आणि मला ठेवून घेतलं. त्याचं मला फार काही वाटलं नाही, पण तुला वाटत राहिलं. धनी गेल्यावर शिलाई मशीन घेऊन मी पारनेरला तुझ्या घरी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तू कॉलेजातून कबड्डीच्या बनियनांचा गठ्ठा आणलास. पाठीवर नंबर शिवायचे होते. मग एक दिवस तू वही आणलीस आणि म्हणालास, सुमे, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, एवढी यादी पक्की करून दे.

तू कॉलेजचं मैदान बघायचास. पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायच्या. जिल्हाभरच्या कॉलेजांतले मैदानवाले तुझे दोस्त. कुठं कोण जिंकलं हे तुला त्यांच्या फोनवरून संध्याकाळच्या आत कळायचं. म्हणून खेळाच्या सरांनी ते काम तुला दिलं. दर फेब्रुवारीत आपल्या कॉलेजात मुलींची कबड्डी भरायची, आठच संघ बोलवायचे. सोळा-सतरा संघांतले ते आठ कोणते, आणि त्यांतला पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरवायला यादी लागायची.

पहिल्या वर्षी तू सरळ मोजलंस. जास्त सामने जिंकले तो वर. नऊच्या नऊ जिंकलेला संघ पहिला लावलास, आणि राजूरकडच्या मुली आठव्या. त्या लांबच्या, डोंगरातल्या. त्या वर्षी सहाच सामने खेळल्या होत्या आणि तीन जिंकल्या होत्या. पहिल्याच दिवशी आठव्यांनी पहिल्यांना पार झोपवलं. तू घरी येऊन वही उशापाशी टाकलीस आणि आडवा झालास.

मी सुईत दोरा ओवत होते. ओवता ओवता विचारलं, "ते नऊ जिंकले, पण कुणाशी?"

तू उठून बसलास. वही उघडलीस. ते नऊही सामने जवळपासच्या कच्च्या संघांशी होते. राजूरच्या मुलींनी हरवलेले तिन्ही संघ पक्के होते. मी म्हटलं, चांगल्या चुलीवर चाळीस भाकरी थापणारीचं कौतुक करतात, पण वाऱ्यात ओल्या काटक्यांवर वीस करणारीला कुणी विचारत नाही. तू हसलास. म्हणालास, आता काटक्या मोजायच्या कशा ते सांग.

त्या दुपारी आपण दोघांनी ते बसवलं. प्रत्येक संघानं ज्याला हरवलं, तो हरलेला संघ स्वतः किती जिंकला होता ते बघायचं, आणि तेवढे गुण जिंकणाऱ्याला द्यायचे. कच्च्याला हरवलं तर एखादा गुण, पक्क्याला हरवलं तर सहा-सात. मग मला अडचण दिसली. ह्याचा आकडा त्याच्यावर अवलंबून आणि त्याचा आणखी कुणावर. फिरून फिरून ते ह्याच्यापाशीच येतं. सुरुवात करायची कुठून? तू म्हणालास, रोलर फिरवतो तसं. पहिल्या फेरीला उंचवटे जागच्या जागीच असतात. नव्या आकड्यांवरून पुन्हा फेरी मारायची, आणि मग आणखी एक. तिसऱ्या फेरीला मैदान आपोआप बसतं.

आणि बसायचंच. त्यानंतर तुझी यादी फारशी चुकली नाही. सर बाकीच्या कॉलेजांना सांगायचे, आमच्या मामांची यादी आहे. कॉलेजात तुला सगळे मामाच म्हणायचे. त्या यादीमागं चौथी शिकलेली बाई आहे हे कुणाला माहीत नव्हतं, आणि ते मला बरं वाटायचं. तू एकदा म्हणालास, "सुमे, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. पुढं दुसरं काय असतंय? पुढच्या वर्गात ह्येच उलटंपालटं करून शिकवत्यात." माझी शाळा सुटली ते तू असं भरून काढायचास. मला कळायचं. कळलं असं कधी म्हणाले नाही.

वहिनी मात्र आपल्याला हसायची. तुम्ही दोघं एवढं मन लावून सोयरिकी जुळवत बसला असता तर आळीतली समदी पोरं उजवली असती, म्हणायची. तिला सोळाही संघांची नावं पाठ झाली होती, हे ती अजून कबूल करत नाही.

आता पाथर्डीकडच्या मुलींचं.

एकदा डिसेंबरात त्या आपल्या मैदानावर सामना खेळायला आल्या. त्यांची कप्तान, अश्विनी, आपल्या घरी आली. एक बनियन फार ढगळ होतं, दोन टाके घालून मागत होती. मी विचारलं, एवढं मोठं कशाला शिवलं? ती म्हणाली, हे पाच नंबरवालीचं आहे, ती कोयत्यावर गेली. मला आधी कळलं नाही. मग तिनंच सांगितलं. दसरा-दिवाळी झाली की घरची माणसं ऊस तोडायला कारखान्याकडं जातात. मागं कुणी नसलं तर पोरीही जातात. पाच नंबरवाली गेली, आठ नंबरवाली गेली, दोन पकडवाल्या गेल्या. उरलेल्यांत सात कशाबशा होतात. राखीव कुणीच नाही.

"दिवाळीआधी आमाला कोन हरवत न्हाई, मावशी," ती म्हणाली. "दिवाळीनंतर कोनबी हरवतंय."

मी टाके घातले. ती गेल्यावर वही काढून बघितली. नदीकाठच्या एका कॉलेजचा संघ आपल्या यादीत दुसरा होता. त्यांनी पाथर्डीकडच्या मुलींना तीनदा हरवलं होतं, तिन्ही वेळा दिवाळीनंतर. आणि आपण त्या तिन्ही विजयांना भरभरून गुण दिले होते, कारण हरलेला संघ पक्का होता. पक्का होता तो भाद्रपदात. डिसेंबरात त्यातल्या निम्म्या मुली त्याच नदीकाठच्या शेतांत ऊस तोडत होत्या.

मी तुला म्हटलं, हे दोन संघ धर. दिवाळीआधीचा एक, दिवाळीनंतरचा एक. तू ऐकलं नाहीस. आपलं एवढं भांडण आधी कधी झालं नव्हतं. तू फक्कीचा डबा धूत होतास.

"सुमे, रेघंच्या आत सात जनी हुब्या ऱ्हायल्या की त्यो संघ. भाईरचं मोजाया लागलो तर कुनाची सासू आजारी हाय ते बी मोजावं लागंल."

मी म्हटलं, "मग आत उभ्या राहिलेल्या सात जणी कोण होत्या ते तरी बघ."

तू डबा उपडा ठेवलास आणि म्हणालास की नाव एक, बनियन एक, म्हणजे संघ एक. आज पाथर्डीला दोन केलं तर उद्या राजूरवाले येतील, म्हणतील आमच्या मुली दोन एसटी बदलून येतात, आमचंही मोजा. मी म्हटलं, मोजावं की. तू म्हणालास, मग ती यादी राहत नाही, रडगाणं होतं. तुझं चुकतंय असंही वाटत नव्हतं, आणि माझं चुकतंय असंही नाही.

त्या वर्षीच्या यादीत पाथर्डीकडच्या मुली नवव्या आल्या. आठवा संघ श्रीगोंद्याकडचा. फरक दोन गुणांचा. तू कच्ची यादी मला दिलीस आणि मैदानावर गेलास. मी पक्की करायला बसले. सात नावं लिहिली. आठव्या जागी मी पाथर्डीचं नाव लिहिलं.

हे तुला सांगायचं होतं.

एका दमात लिहिलं, दादा. मला वाटलं, आपण एक वाकडं सरळ करतोय. तू यादी न वाचता सरांना दिलीस. माझ्या अक्षरावर तुझा तेवढा विश्वास होता.

फेब्रुवारीत त्या आल्या. आठ जणी होत्या. त्यांतली एक उसाच्या फडातून थेट एसटीनं आली होती. पाचटानं तिच्या तळहातावर चिरा पडलेल्या, काही बुजलेल्या, काही ताज्या. ती पकड कशी करणार होती? मी नेहमीसारखी पाण्याच्या टाकीमागं उभी राहून बघत होते. अर्ध्या वेळेच्या आत त्यांच्यावर दोन लोण चढले. सगळ्या बाद, पुन्हा सगळ्या आत, पुन्हा सगळ्या बाद. पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, ह्यांना काय पाणी वाढायला बोलावलं होतं का? त्यातच श्रीगोंद्याकडच्या शिक्षकांचा सरांना फोन आला होता, की आमच्या मुली कशात कमी पडल्या ते तरी सांगा. सर तापलेच. सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "मामा, ही यादी कुणी केली?"

तू म्हणालास, "म्या केली."

मी टाकीमागं होते. दहा पावलं असतील. पुढं यायचं आणि म्हणायचं, सर, आठवा नंबर मी बदलला. एवढंच वाक्य होतं. मी पुढं आले नाही. सर म्हणाले, तुमचं वय झालं मामा, पुढच्या वर्षीपासून कॉम्प्युटरवर करून घेऊ. तू मान हलवलीस आणि लोणानंतर पुसलेली रेघ नीट करायला गेलास.

श्रीगोंद्याच्या मुलींचा मी कधी विचारच केला नव्हता. त्या माझ्याकडं टाके घालायला आल्या नव्हत्या, म्हणून. त्यांनीही कुणाला तरी हरवूनच आठवा नंबर मिळवला असणार.

निघताना अश्विनी मला भेटायला आली. वाईट वाटलं का विचारलं, तर म्हणाली, "हारलो तं हारलो, मावशी. फडावरच्या पोरीनं दोन दिस ऊस तर न्हाई तोडला." आणि हसली. तेही मी तुला सांगितलं नाही. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जास्तच लाज वाटली.

मग तू त्या वर्षाची यादी पुन्हा मांडायला लागलास. कॉलेजला ती आता नको होती. तरी जेवण झालं की दुपारी वही घेऊन बसायचास. नवी पानं, नव्या फेऱ्या. मी मशीनवर पाठ करून बसायची. मला वाटायचं, हा आपली चूक शोधतोय. कुठली बेरीज चुकली, कुठं हातचा राहिला. असा माणूस रोज पाठीमागं बसलेला असताना मी नंबर शिवत राहिले, दादा. किती तरी वेळा सुई खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. एकदा तू म्हणालास, "सुमे, नदीकाठवाल्यांचे पाथर्डीशी सामने कंच्या तारखंचे, बघ गं." मी तारखा वाचून दाखवल्या. तेव्हाही कळलं नाही.

परवा सर आले. वहिनीशी बोलत होते. कॉम्प्युटरच्या यादीनं मागच्या वर्षी घोळ केला, तिनंही नुसते जिंकलेले सामने मोजले. यंदा मामांनाच विनंती करणार होतो, म्हणाले, आणि हे असं झालं. त्यांच्या वह्या असतील तर बघू का? वहिनी म्हणाली, वह्यांचं आमच्या वन्संना विचारा.

मी बाहेर आले. पदर नीट करून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. सगळ्या वह्या हातात होत्या. सर उठून उभे राहिले, त्यानं मला जास्तच घाबरायला झालं. तरी बोलले. इतक्या दिवसांत पाठ झालं होतं ते वाक्य.

"सर, त्या वर्षी आठवा नंबर मी बदलला होता. दादांनी नाही."

सर पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "मामा दुसऱ्याच दिवशी आले होते माझ्याकडं. म्हणाले, नाव सांगताना माझ्याच तोंडून चुकलं, लिहिणारीची त्यात काही चूक नाही. मी विचारलं, लिहिणारी कोण? तर म्हणाले, हाय एक, माझ्यापेक्षा हुशार."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

तुला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. कळणारच. कच्ची यादी तुझ्या हातची होती, पक्की माझ्या हातची. दोन्ही शेजारी ठेवल्या की झालं. एवढं साधं मला कसं सुचलं नाही? मी तुला भोळा समजले. आणि तू एवढे दिवस माझ्या पाठीमागं बसून होतास, मी कधी बोलते याची वाट बघत असशील. किंवा नसशील. तुझा स्वभाव बघता, हिला लाज वाटायला नको म्हणून तू विषयच काढला नसशील. मला याचा राग येतो, दादा. एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. आता हे मी कुणाला म्हणू?

सरांना मी बाकीच्या वह्या दिल्या. ही शेवटची ठेवून घेतली. म्हटलं, उद्या देते.

ते गेल्यावर ती पहिल्यांदा नीट उघडली. सोळा संघांच्या जागी तू सतरा ओळी आखल्या आहेस. पाथर्डीच्या दोन केल्यास. एकीपुढं लिहिलंयस, दिवाळीआधी. दुसरीपुढं, दिवाळीनंतर. एवढं भांडलास, रेघेच्या बाहेरचं मोजायचं नाही म्हणालास, आणि मग एकटाच बसून माझं म्हणणं तपासत राहिलास. दोन फेऱ्या पुऱ्या, तिसरी सहाव्या संघापर्यंत.

आज सकाळी भांडी झाल्यावर मी बसले. तुझीच पेन्सिल घेतली. टोक तासलं नाही, तसंच वापरलं. उरलेल्या अकरा ओळी केल्या, दोनदा ताडून बघितल्या. नदीकाठचा संघ दुसऱ्यावरून पाचव्यावर आला. दिवाळीनंतरच्या पाथर्डीला हरवलं त्याचे त्यांना काहीच गुण मिळाले नाहीत, कारण दिवाळीनंतर त्या कुणालाच हरवू शकल्या नव्हत्या. तेवढं माझं खरं निघालं.

आणि दिवाळीआधीची पाथर्डी, पाच नंबरवाली, आठ नंबरवाली, सगळ्या धरून. त्यांचा आकडा वर येईल असं मला वाटत होतं. नाही आला. दिवाळीआधी त्यांनी मारलेला सगळ्यात मोठा सामना नदीकाठच्याच संघाशी होता. तो संघ खाली आला तसा त्याला हरवल्याचा गुणही उतरला. एक ओढला की दुसरा त्याच्याबरोबर येतो. तू रोलरचं सांगितलं होतंस, तसंच. श्रीगोंद्याचा संघ आठवाच राहिला, एका गुणानं.

नंबर लिहायचे राहिले होते, आणि पेन्सिल माझ्याच हातात होती. घरात कोणी बघत नव्हतं. वहिनी मागं कपडे वाळत घालत होती. ती तिथूनच म्हणाली, "वन्सं, आल्या का व्हो पाथर्डीच्या पोरी?"

मी म्हटलं, नाही आल्या.

नववा नंबर आला, दादा. मी नववाच लिहिला.